ब्राझीलच्या नोटा: सही बदलली की शिक्का बसला?

ब्राझीलची एक हजार क्रुझादोंची नोट घ्या, लेखक मशादो द असीस यांचं चित्र असलेली. तिच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या की चित्र, रंग, आकार सगळं सारखं दिसतं. मग एखाद्या जोडीत सह्या वेगळ्या निघतात, तर एखाद्या जोडीत एकीवर त्रिकोणी शिक्का सापडतो. नवे संग्राहक दोन्हींना ‘व्हरायटी’ म्हणत एकाच पाकिटात ठेवतात. मला ते मुळीच पटत नाही.

सहीचा फरक आपल्याला ओळखीचा आहे. सी. डी. देशमुखांच्या सहीची नोट आपण जपतो, तसंच हे. ब्राझीलच्या नोटेवर मात्र सह्या दोन: अर्थमंत्र्यांची आणि मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांची. दोघांपैकी एक जरी बदलला तरी नवी जोडी तयार होते. आणि तिथे माणसं भराभर बदलत होती. ऑक्टोबर १९९२ ते मे १९९३ एवढ्या काळात क्राउझे, हद्दाद, रेझेंदे आणि फर्नांदो एन्रिके कार्दोझो असे चार अर्थमंत्री झाले. पण सही कोणाचीही असो, हजाराची नोट हजाराचीच राहते.

शिक्क्याने नोटेचं चलनच बदलतं. जानेवारी १९८९ मध्ये हजार क्रुझादोंचा एक क्रुझादो नोवो झाला. नव्या नोटा येईपर्यंत जुन्याच चित्रांच्या नोटांवर त्रिकोणी शिक्का छापून काम भागवलं गेलं. मशादोंची हजाराची नोट अशी एकाची झाली, कार्लोस शागास यांची दहा हजारांची दहाची झाली.

इथे एक चकवा आहे. शिक्का म्हणजे तीन शून्यं कापली, असा नियम लोक पाठ करून टाकतात. मार्च १९९० मध्ये क्रुझादो नोवोचं नाव पुन्हा क्रुझेरो झालं तेव्हा दर एकास एक होता. त्या वेळच्या आयताकृती शिक्क्याने आकडा तसाच ठेवला, फक्त चलनाचं नाव बदललं. कवयित्री सेसिलिया मेइरेलेस यांची शंभराची नोट यातलीच. (त्या १९५३ मध्ये भारतात आल्या होत्या आणि इथल्या अनुभवांवर त्यांनी कविताही लिहिल्या, म्हणून ही नोट मला विशेष प्रिय.) १९९३ मध्ये क्रुझेरो रेआल आला तेव्हा मात्र शिक्का गोल होता आणि तीन शून्यं खरोखरच गेली.

म्हणून नोंदवहीत आधी चलन आणि शिक्का लिहा, सह्या त्याच्याखाली. शिक्क्याच्या नोटेवरही सह्या असतातच, त्या वाचायच्या राहू देऊ नका. विकत घेताना शिक्का भिंगाखाली बघा, कारण साध्या नोटेवर तो नंतर कोणीही उमटवू शकतो.

१९४२ मध्ये क्रुझेरो सुरू झाला, त्याच्या सुरुवातीच्या नोटांचं प्रकरण निराळं. त्यांवरच्या सह्या कर्मचाऱ्यांनी शाईने हाताने केलेल्या आहेत. तिथे एक सही दुसरीसारखी नसतेच, तेव्हा अक्षराच्या वळणावरून वेगळा प्रकार मोजू नये.