जनुकांची कापाकापी आणि डेंग्यूचा रिपोर्ट

पावसाळा सरत आला की सिडको असो वा पंचवटी, नाशिकमध्ये घरोघरी डेंग्यूचे रिपोर्ट दिसू लागतात. त्यात एनएस1च्या, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूतल्या एका प्रथिनाच्या चाचणीखाली दोन ओळी असतात, आयजीएम आणि आयजीजी. ही दोन्ही प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला धरणारी शरीराची प्रथिनं (अँटीबॉडी). पहिली ताज्या संसर्गाची खूण, दुसरी बहुधा जुन्या किंवा काही दिवस मुरलेल्या संसर्गाची, एवढं आता पेशंटच्या नातेवाइकांनाही माहीत असतं. पण कॉलेज रोडवरच्या माझ्या बारावीच्या वर्गात एका मुलीने मुळालाच हात घातला. "सर, ज्याला डेंग्यू कधी झालाच नाही, त्याच्याकडे डेंग्यूला धरणारं प्रतिपिंड येतं कुठून?"

फार मोलाचा प्रश्न आहे हा. प्रतिपिंड हे प्रथिन, आणि प्रथिनाचा आराखडा जनुकात असतो. माणसाकडे प्रथिनं घडवणारी जनुकं आहेत जेमतेम 20,000. प्रतिपिंडांचे प्रकार मात्र कोट्यवधी. कार्ल लँडस्टायनर यांनी तर दाखवून दिलं होतं की, निसर्गात कधीच नसलेलं, प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन टोचलं तरी प्राण्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतं. मग ते जनुक वारशाने आलं असेल तरी कसं?

विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी 1965 मध्ये सुचवलं की प्रतिपिंड ज्या प्रथिन-साखळ्यांचं बनतं, त्यातली एक साखळी दोन वेगळ्या जनुकांच्या जोडणीतून बनत असावी: एक विषाणूला धरणाऱ्या बदलत्या भागाचं, दुसरं बहुतांशी सारख्याच राहणाऱ्या स्थिर भागाचं. कल्पना धाडसी होती. शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो, या समजालाच ती धक्का देत होती. पण ती तपासायची साधनंच तेव्हा नव्हती.

हे कोडं पुढे सोडवलं ते सुसुमु तोनेगावा यांनी. त्यांचा जन्म 1939 चा, जपानमधल्या नागोयाचा. क्योटोत रसायनशास्त्र, सॅन डिएगोत रेण्वीय जीवशास्त्रातली पीएचडी, मग रेनाटो डल्बेको यांच्याकडे विषाणूंच्या जनुकांवर काम. अमेरिकेतल्या व्हिसाची मुदत संपत आली, तेव्हा डल्बेकोंनी त्यांना स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या नव्या प्रतिकारशास्त्र संस्थेचा रस्ता दाखवला. 1971 मध्ये ते तिथे पोचले ते प्रतिकारशास्त्राचं शिक्षण नसताना. मला वाटतं, हेच त्यांच्या पथ्यावर पडलं. बाकीचे प्रतिपिंडांकडे बघत होते, हे थेट डीएनएकडे वळले.

नोबुमिची होझुमी यांच्यासोबत केलेला त्यांचा 1976 चा प्रयोग आजही वर्गात शिकवताना अंगावर काटा येतो. एकीकडे उंदराच्या भ्रूणाचा डीएनए, जिथे अजून प्रतिपिंडं बनत नाहीत. दुसरीकडे प्रतिपिंडं भराभर तयार करणाऱ्या, उंदराच्या कर्करोगाच्या गाठीतला डीएनए. दोन्ही डीएनए कापणाऱ्या एकाच विकराने (एन्झाइमने) कापले, जेलमध्ये वजनानुसार वेगळे केले, आणि किरणोत्सारी आरएनए लावून प्रतिपिंडाच्या जनुकाचे भाग शोधले. भ्रूणात साखळीचा बदलता भाग 60 लाख डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) तुकड्यावर सापडला, स्थिर भाग 39 लाखांच्या वेगळ्याच तुकड्यावर. गाठीत मात्र दोन्ही भाग 24 लाखांच्या एकाच तुकड्यावर! म्हणजे पेशी घडताना डीएनए स्वतःच कापला-जोडला गेला होता.

पुढे कळलं की बदलत्या भागाचं जनुकही व्ही, डी, जे अशा नावांच्या छोट्या तुकड्यांतून जोडलं जातं. माणसाच्या प्रतिपिंडात जड (मोठी) आणि हलकी (लहान) अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. जड साखळीसाठी कामाचे सुमारे 40 व्ही, 23 डी आणि 6 जे तुकडे असतात. प्रत्येकातला एक-एक निवडला तरी साडेपाच हजार जोड्या होतात. त्यात हलक्या साखळीच्या तीनशेच्या आसपास जोड्या मिळवल्या की आकडा सोळा लाखांच्या वर जातो. शिवाय जोडाच्या जागी डीएनएची काही अक्षरं गळतात, काही नवीन घुसतात, आणि तिथून पुढे हिशेब ठेवणंच अवघड. विषाणू येण्याआधीच अस्थिमज्जेत अशा असंख्य वेगवेगळ्या बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होत राहतात. डेंग्यू आला की त्याला धरू शकणाऱ्या मोजक्या पेशी निवडल्या जातात आणि त्याच झपाट्याने वाढतात. त्यांपैकी काही पेशी बदलता भाग तसाच ठेवून स्थिर भागाचं जनुक पुन्हा कापून बदलतात. आयजीएमनंतर आयजीजी येतं ते यामुळेच.

1981 मध्ये तोनेगावा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात गेले, टी पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) जनुकांवर काम केलं, आणि 1987 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. त्यानंतर ते मेंदूतल्या स्मृतीच्या संशोधनाकडे वळले. डीएनए कापायला सुरुवात करणारी रॅग1 आणि रॅग2 ही जनुकं डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत 1989-90 च्या सुमारास सापडली. ही जनुकं पूर्ण निकामी असलेल्या बाळांत बी आणि टी पेशी तयारच होत नाहीत. साधा संसर्गही त्यांच्या जिवावर बेततो, आणि त्यांना वाचवायचं तर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी लवकरात लवकर द्याव्या लागतात.