छातीवरचा क्रूस

बिशप, कार्डिनल, मठाधिपती आणि काही ख्रिस्ती परंपरांतील धर्मगुरू साखळीत किंवा गोफात ओवून छातीवर धारण करतात तो क्रूस. लॅटिनमधील ‘पेक्टस’, म्हणजे छाती, या शब्दावरून त्याला पेक्टोरल क्रूस म्हणतात. आज तो दिसताच धारण करणाऱ्याचा हुद्दा कळतो. मुळात मात्र त्याचा हुद्द्याशी संबंध नव्हता.

सुरुवातीच्या शतकांत साधे भाविकही गळ्यात लहान क्रूस किंवा संतांच्या अवशेषांची डबी घालत. ग्रीक भाषेत तिला ‘एन्कोल्पिऑन’ म्हणत, म्हणजे उराशी बाळगलेली वस्तू. येशूच्या क्रुसाचा म्हणून जपलेला लाकडाचा कण तिच्यात असला, तर तिचे मोल फार मोठे. ती लोकांना दाखवण्यासाठी नव्हती, रक्षणासाठी होती आणि बहुधा कपड्यांच्या आतच राही.

याचा सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडमधील डरहॅम येथे आहे. इंग्लंडमधील बिशप संत कथबर्ट 687 मध्ये वारले. त्यांची शवपेटी 1827 मध्ये उघडली, तेव्हा वस्त्रांच्या घड्यांत खोलवर सोन्याचा एक क्रूस सापडला. पेटी त्याआधीही उघडली गेली होती, पण तो कोणाच्या नजरेस पडला नव्हता. रुंदी जेमतेम सहा सेंटिमीटर, चारही भुजांवर गार्नेट या लाल रत्नाचे बारीक जडावकाम. एक भुजा मोडल्यावर ती पुन्हा जोडल्याची खूण आजही दिसते. मोडला तरी टाकला नाही, दुरुस्त करून पुन्हा गळ्यात घातला. त्या माणसाचे आणि त्या क्रुसाचे नाते यातून जेवढे कळते, तेवढे कोणत्याही नियमावलीतून कळत नाही.

पश्चिमेत हा क्रूस हळूहळू बिशपांचे चिन्ह बनला. पोप पाचवे पायस यांच्या 1570 च्या मिस्सा-ग्रंथाने मिस्साविधीत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, तो बिशपांना बंधनकारक केला. समारंभी पोशाखावर तो गोफात घालतात: बिशपांचा गोफ हिरवा-सोनेरी, कार्डिनलांचा लाल-सोनेरी. एरवी साधी साखळी असते. तो गळ्यात घालताना म्हणायच्या जुन्या प्रार्थनेत ‘प्रभो, शत्रूंच्या कपटापासून माझे रक्षण कर’ अशी विनवणी आहे. तिच्यात ताईताची मूळ भावना शाबूत राहिली आहे. प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या, चर्चमध्ये हा प्रघात मागे पडला आणि 19 व्या शतकात परतला.

पूर्वेकडे प्रथा वेगळी. तिथल्या ऑर्थोडॉक्स पंथाचे बिशप क्रुसाबरोबर ‘पानागिया’, म्हणजे मरियेची छोटी प्रतिमाही घालतात. ग्रीक परंपरेत साध्या धर्मगुरूच्या छातीवर एरवी क्रूस नसतो. रशियात झार पहिला पॉल याने 1797 मध्ये धर्मगुरूंना सन्मान म्हणून क्रूस देण्याची पद्धत घातली, तर 1896 मध्ये दुसऱ्या निकोलसच्या राज्याभिषेकाच्या वेळी तो सर्वच धर्मगुरूंना मिळाला. त्याच्या मागे, म्हणजे छातीला टेकणाऱ्या बाजूला, बायबलमधील प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला केलेला उपदेश कोरलेला असतो: बोलण्यात, वागण्यात, प्रीतीत, विश्वासात, शुद्धतेत विश्वासणाऱ्यांचा कित्ता हो. लोकांना दिसते ती पुढची बाजू. हा मजकूर घालणाऱ्यासाठीच आहे.

क्रूस कशाचा असावा, हा प्रश्न मात्र जुनाच. देहदंडाचे लाकडी साधन सोन्यारत्नांत घडवणे अनेकांना खटकत आले आहे, आणि ते खटकणे रास्तच आहे. 16 नोव्हेंबर 1965 रोजी रोममधील दोमितिल्ला भुयारी दफनभूमीत सुमारे चाळीस बिशपांनी मौल्यवान धातूंची हुद्द्याची चिन्हे न वापरण्याची प्रतिज्ञा केली. 2013 मध्ये पोप झाल्यावर फ्रान्सिस यांनी सोन्याचा क्रूस न घेता आपला जुना, साधाच ठेवला. त्यावर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ कोरलेला होता.