व्हिक्सबर्गच्या खंदकात गोळीपेक्षा हगवण जास्त घातक

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धातले बहुतेक सैनिक गोळ्या-तोफांनी मेले, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. त्या युद्धात दगावलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सैनिक रोगराईने गेले.

१८६३ मधला व्हिक्सबर्गचा वेढाच घ्या. मिसिसिपी नदीकाठचं हे गाव उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या फौजेने ४७ दिवस कोंडून धरलं. गोळीचा धोका खराच होता. खंदकाबाहेर डोकं काढलं की नेमबाज टिपायचे. पण आतल्या दक्षिणेच्या शिपायाला रोज पोखरत होती ती उपासमार. शिधा घटत गेला, तशी चवळीच्या पिठाची भाकर वाट्याला आली. बाहेरून दगडासारखी कडक, आत कच्चीच! शेवटी तर खेचराचं मांस. दिवसभर उन्हात त्याच खंदकात बसायचं, रात्री तिथेच आडवं व्हायचं. हगवण, हिवताप, स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) यांनी पलटणीच्या पलटणी झोपवल्या.

४ जुलैला गावाचा बचाव करणाऱ्या दक्षिणेच्या जनरल पेंबरटनने सुमारे २९,५०० माणसांनिशी शरणागती पत्करली. त्यातले हजारो आजारी होते. हे लढले नाहीत असं कोणी म्हणू नये. तापाने फणफणलेला शिपाईही बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा होता.