बाहुलीच्या गुलाबी झग्यातलं सोनं

सोनं पिवळंच, अशी आपली पक्की समजूत. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या चिनी मातीच्या बाहुल्या दाखवताना लोक झग्याच्या काठावरच्या सोनेरी रेघेवर बोट ठेवतात: 'हे खरं सोनं बरं का!' असतंही. पण त्याच झग्याच्या गुलाबी रंगातही बऱ्याचदा सोनं असतं, ते कुणी सांगत नाही.

घडण थोडक्यात सांगतो. या बाहुल्यांच्या 'बोन चायना' नावाच्या चिनी मातीत जवळजवळ निम्मा भाग गुरांच्या हाडांच्या राखेचा. बाकी केओलिन, म्हणजे पांढरी माती, आणि कॉर्नवॉलचा दगड, जो भट्टीत वितळून काचेसारखा होतो. हा पातळ लगदा प्लास्टरच्या साच्यात ओततात. साचा पाणी शोषतो, आत मातीचा थर धरतो. डोकं, हात, धड वेगवेगळे ओतून लगद्यानेच जोडतात. पहिल्या भट्टीत सुमारे १२५० अंश सेल्सियसला मूर्ती मऊ पडते, साधारण आठव्या हिश्श्याने आक्रसते; म्हणून पसरलेल्या हाताखाली टेकू. मग झिलई, दुसरी भट्टी, आणि त्यानंतर रंगकाम.

निळा कोबाल्टचा, तांबूस लोखंडाचा. गुलाबी क्रोम-कथिलाचाही असतो, पण खरी मजा सोन्याच्या गुलाबीत आहे. अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, सोनं विरघळवून कथिलाचं क्लोराइड घातलं की जांभळा साका बसतो. हा 'पर्पल ऑफ कॅशियस', सतराव्या शतकापासून माहीत असलेला. त्यातले सोन्याचे कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर एकदम मागेपुढे हेलकावतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की झोका चढतो. या नेमक्या जुळणीला अनुनाद म्हणतात. इथे तो नेमका धक्का ५२० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा प्रकाश देतो. हिरवा शोषला जातो, उरलेला आपल्याला गुलाबी दिसतो. कण एकमेकांना बिलगले तर हेलकावे एकमेकांत गुंततात, अनुनाद लांब तरंगलांबीकडे सरकतो आणि रंग जांभळट-निळसर होतो. कथिलाचं ऑक्साइड कणांना दूर ठेवतं म्हणूनच गुलाबी टिकतो.

'नॅनो-गोल्ड' लिहिलेली महागडी क्रीमं याच कणांच्या नावावर खपतात. कण रंग देतो हे खरं; त्याने चेहरा उजळतो, हे मात्र जाहिरातीतलं.

रंगारी हा सोन्याचा गुलाबी रंग टर्पेंटाइन आणि तेलात घोटून पातळ थरांनी चढवतो, आणि कुंचल्याखाली दिसतो तो रंग शेवटचा नसतोच. शेवटची भट्टी जेमतेम ८०० अंशांच्या आसपास. आच कमी पडली तर गुलाबी तपकिरीकडे झुकतो, जास्त झाली तर जांभळटाकडे. काठावरची सोन्याची रेघ त्याहूनही मंद आचेवर, सगळ्यात शेवटी.