मोगरा कळीचाच का देतो? चैत्रगौरीच्या आरासीसाठी माहितीपत्रक

चैत्र लागला की रोज एखाद्या ताईंचा फोन येतोच, "अहो, फुलं सांगितली होती, तुम्ही कळ्या पाठवल्या!" कळ्या आम्ही मुद्दामच पाठवतो. मोगरा सकाळी कळी असतानाच खुडतात आणि ती कळी त्याच संध्याकाळी उमलते. तुमचं हळदीकुंकू पाच-सहाला. आंबेडाळ-पन्ह्याला बायका येऊ लागल्या की गौरीच्या झोपाळ्यावर मोगरा उमलत असला पाहिजे. सकाळीच पूर्ण उमललेला मोगरा आदल्या दिवशीचा असतो, दुपारपर्यंत त्याच्या कडा तांबूस पडू लागतात.

खरा घोटाळा होतो तो पाण्याने. पुडी आली की लगेच सोडायची, माळा ताटात पसरायच्या, वर पाणी शिंपडायचं आणि ताट पंख्याखाली ठेवायचं. हे प्रेमापोटीच होतं, पण थेंब जिथे साचतो तिथे पाकळी आधी पारदर्शक दिसते, मग तपकिरी होते. चार वाजता तुमचा फोन येतो, तेव्हा बाजारात चांगली कळी उरलेली नसते. कितीही धावपळ केली तरी नवी माळ करून देता येत नाही.

म्हणून केळीच्या पानाची पुडी सोडूच नका. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, त्यात पुडी गुंडाळा आणि माठाजवळ सावलीत ठेवा. फ्रिज नको, कळी आखडते. चारनंतर पुडी सोडून माळा झोपाळ्याला बांधा.

सोनचाफ्याचं उलटं आहे. काचेच्या बरणीत पाणी भरून फूल त्यात अख्खं बुडवलं तरी छान राहतं. फक्त उचलताना देठाला धरा, पाकळीला बोट लागलं की डाग उठतो.

बहाव्याचे घोस आम्ही तोडून देत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तोडल्यावर थोड्याच वेळात पाकळ्या गळतात, पैसे तुमचे वाया जातात आणि झाड उघडं पडतं. दारात बहावा असेल तर सकाळी खाली पडलेल्या पिवळ्या पाकळ्या वेचा आणि पितळी परातीत पाण्यावर सोडा. चैत्रांगणाशेजारी ती परात फार शोभते.

जरबेरा, कार्नेशन का ठेवत नाही, असंही विचारतात. ती फुलं दिसायला सुरेख असतात, पण बाजारात मिळणाऱ्या या फुलांना वास जवळजवळ नसतोच. चैत्रातल्या गौरीसमोर घर दरवळलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं. वेंगुर्ला-सावंतवाडीकडची सुरंगी मिळते तोवर तिचे वळेसर, म्हणजे गजरे, जरूर घ्या. उमलायच्या आत पहाटे कळ्या काढाव्या लागतात, त्यामुळे किंमत थोडी जास्त असते. पण वळेसर वाळला तरी कपाटात ठेवा, वास राहतो.

माळा आम्ही आदल्या रात्री करून ठेवत नाही. सकाळी कळी आली की गुंफायला बसतो, म्हणून साडेअकराच्या आधी पोहोचवता येत नाही. मागणी आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत सांगा. अक्षय्य तृतीयेसाठी मात्र तीन दिवस आधी, आणि झोपाळ्याची लांबी-रुंदी मोजून सांगितलीत तर माळा अगदी मापात येतील.