गोल्डन फ्लीसची रत्नपदके

बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड याने पोर्तुगालच्या इसाबेलाशी झालेल्या विवाहाच्या निमित्ताने १० जानेवारी १४३० रोजी ब्रुज येथे स्थापन केलेला गोल्डन फ्लीस हा युरोपातील अत्यंत मानाचा नाइट-संघ, म्हणजे निवडक सरदारांचा संघ. कमरेला पट्टा आवळून टांगलेले मेंढ्याचे सोनेरी कातडे हे त्याचे चिन्ह. ग्रीक कथेतला जेसन याच कातड्यासाठी समुद्रापार गेला होता. पण वचन मोडणारा जेसन धर्मगुरूंना रुचेना, म्हणून पुढे बायबलमधील गिदोनाला ज्या लोकरीवर देवाचा कौल मिळाला, तिचाही आधार घेतला गेला.

संघाच्या गळसाखळीत आग पाडायच्या चकमकीची पोलादे आणि ठिणग्या उडवणाऱ्या गारगोट्या आळीपाळीने गुंफलेल्या असत. ही साखळी नाइटच्या मालकीची नव्हे. तो वारला की वारसांनी ती परत करायची, आणि तिच्यावर रत्ने जडवायलाही नियमांनी मनाई होती. एरवी वापरायला मात्र लाल फितीवर नुसते पदक चाले. ते ज्याचे त्याने घडवून घ्यायचे, त्यामुळे राजेरजवाड्यांनी हौस भागवली ती या पदकांवर.

सर्वांत गाजलेले पदक फ्रान्सच्या पंधराव्या लुईचे. जवाहिऱ्या पिएर-आंद्रे जाकमँ याने ते १७४९ मध्ये पुरे केले. मध्यभागी निळा हिरा होता: फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने भारतातून नेलेला, १६६८ मध्ये चौदाव्या लुईने घेतलेला आणि नंतर सुमारे ६९ कॅरटपर्यंत घासलेला. त्याच्या वर रत्नकोरक जाक ग्वे याने १०७ कॅरटच्या लाल स्पिनेलमध्ये, म्हणजे माणकासारख्या रत्नात, कोरलेला ड्रॅगन. त्याच्या तोंडातून निघणाऱ्या ज्वाळांसाठी हिऱ्यांना लाल, तर मेंढ्याच्या लोकरीसाठी पिवळा रंग दिला होता. अस्सल हिरे रंगवायचे, ही त्या काळच्या दरबारी दिमाखाची हद्दच म्हणायची.

सप्टेंबर १७९२ मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसच्या राजकोठारातून पदक चोरीला गेले आणि मोडले गेले. ड्रॅगन पुढे फ्रान्सला परत मिळाला. तो लूव्र संग्रहालयात आहे. चोरीला २० वर्षे उलटताच, १८१२ मध्ये, लंडनच्या बाजारात त्याहून लहान अशा एका निळ्या हिऱ्याची नोंद झाली. तोच आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात असलेला ४५.५२ कॅरटचा होप हिरा. २००७ मध्ये पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पदकातल्या त्या निळ्या हिऱ्याची शिशाची प्रतिकृती सापडली आणि होप त्यातूनच कापलेला असल्याचे पक्के झाले.

असे मोडायला चोरच लागत असे, असे नाही. जर्मनीतील सॅक्सनीचा शासक दुसरा फ्रीडरिश आउगुस्ट याने भारतीय खाणीतला ४१ कॅरटचा हिरवा हिरा विकत घेऊन १७४६ मध्ये जिनिव्हाचा सोनार पालार्ड याच्याकडून गोल्डन फ्लीसच्या पदकात बसवला. पुढे दरबारानेच ते पदक उकलले आणि १७६८ मध्ये हिरा टोपीच्या दागिन्यात गेला. रत्न राजघराण्याचे आणि घडण त्या त्या काळाच्या रिवाजाची, असाच हिशेब होता. २५ नोव्हेंबर २०१९ रोजी सॅक्सनीच्या ड्रेस्डेन शहरातील ग्रीन व्हॉल्ट या रत्नसंग्रहालयावर दरोडा पडला तेव्हा हा हिरा न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनाला गेला असल्याने बचावला. पोलंडच्या व्हाइट ईगल या नाइट-संघाचा हिरेजडित तारा मात्र दरोडेखोरांच्या हाती लागला. तो २०२२ च्या अखेरीस परत मिळाला.

अखंड उरलेल्या मोजक्या पदकांत पोर्तुगीज राजघराण्याचे, अठराव्या शतकाच्या अखेरचे पदक येते. नीलम, माणके आणि हिऱ्यांनी मढवलेले हे पदक लिस्बनच्या आजुदा राजवाड्यातील राजकोषात पाहायला मिळते.