बेने इस्राएलांची इस्राएलमधली दोस्ती

नव्या देशात गेलेली माणसं आपल्याच लोकांत मैत्री करतात की इतरांतही मिसळतात, हे बघायचं तर आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण बेने इस्राएलांचं. कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे हे मराठी बोलणारे ज्यू १९४८ नंतर हजारोंनी इस्राएलला गेले आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत वसले.

सुरुवातीला गोतावळा आपल्यातलाच, साहजिकच आहे ते. पेणकर, रोहेकर, किहिमकर असं नुसतं आडनाव ऐकलं की गाव कळायचं आणि मग कोण कुणाचा मामा, कुणाची आत्या कुठे दिलीय इथपर्यंत गाडी जायची. कुणाकडे मलिदा म्हणजे देवाचे आभार मानायचा विधी असला की गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू हनावी ह्या प्रेषिताचं नाव घ्यायचं, सगळे जमायचे, नवीन आलेल्याला काम कुठे मिळेल हेही अशा बैठकीतच कळायचं.

दिमोनात शेजारी बरेचसे मोरोक्कोचे ज्यू. त्यांची अरबी किंवा फ्रेंच, ह्यांची मराठी, मग दोघांनाही मोडक्यातोडक्या हिब्रूतच बोलावं लागायचं. मुलांचं सोपं झालं, आधी शाळा आणि मग सक्तीचं लष्कर.

गॉर्डन ऑलपोर्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलंय की नुसतं शेजारी राहून गटांमधलं अंतर कमी होत नाही, दर्जा सारखा हवा, एकत्र मिळून काम हवं आणि वरून संस्थांचा पाठिंबाही हवा. इथे नेमका तो पाठिंबाच नव्हता! १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडून, आदेश निघाला की बेने इस्राएल माणसाला इतर ज्यूंमध्ये लग्न करायचं तर आधी त्याच्या पूर्वजांची चौकशी होणार, म्हणजे मैत्री चालेल पण सोयरीक करायची तर आजी-पणजीचे पुरावे आणा. शतकानुशतकं शनिवार पाळलेल्या लोकांचा हा सरळसरळ अपमान होता. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, १९६४ मध्ये सरकारने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं आणि आदेशातून त्यांचं नाव काढलं गेलं. ह्या लढ्याने वेगवेगळ्या गावांत विखुरलेले बेने इस्राएल उलट आणखी जवळ आले.

इतरांशी जोडणारी एक गोष्ट मात्र ते भारतातूनच घेऊन गेले होते, क्रिकेट. इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिकेहून आलेले ज्यूही तिथे क्रिकेटच खेळायचे, त्यामुळे मैदानावर ओळख व्हायला हिब्रू यायलाच हवं असं काही नव्हतं. पुढच्या पिढीत मोरोक्कन, इराकी घरांशी लग्नंही होऊ लागली, आणि मराठी मात्र जास्त करून आजी-आजोबांच्या तोंडीच राहिली.